सीटखालचं कार्ड काढू नकोस

दादा, आधी नुसतं ऐक, मग काय चिडायचं ते चीड. तू झोपलायस आणि मला कामाला उशीर होतोय, नाहीतर तोंडावरच भांडले असते.

तुझ्या सायकलच्या सीटखाली एक कार्ड घट्ट बांधलंय. त्यावर तुझं नाव, रक्तगट, आईचा आणि माझा नंबर आहे. "वजन वाढतं" हे पालुपद आता पुरे. एवढं पोट घेऊन चढ चढतोस, त्यात एका कार्डाचं कसलं ओझं रे!

काल एकटा गेलास तो पाकीट नाही, फोन नाही, आणि अंगात माझं जॅकेट. तेही न विचारता! तू सायकलवरून पडून बेशुद्ध झालास तेव्हा खिशात सापडलं काय, तर माझं वाचनालयाचं कार्ड. दवाखान्यातून फोन करणाऱ्याने तुला पाहिलंही नव्हतं, नुसतं कार्ड पाहिलं. त्यावरच्या नंबरवर त्याने मलाच फोन लावून माझंच नाव घेतलं आणि म्हणाला, "यांना अपघात झालाय, लगेच या."

मी म्हटलं, "अहो, मीच ती, चांगली धडधाकट चहा पितेय!" आणि फसवाफसवीचा फोन समजून नंबर ब्लॉक केला.

तू शुद्धीवर येऊन आईचा नंबर सांगेपर्यंत दुपार झाली. तोवर तुझ्या उशाशी घरचं कुणी नव्हतं. आई माझ्याशी धड बोलत नाहीये. वर तूही म्हणतोस, "एकदा नीट विचारायचंस तरी."

टाक्यांना पाणी लावू नकोस. आणि खरं सांग, तुलाच कुणी फोन करून तुझाच अपघात झालाय म्हणून सांगितलं असतं, तर तू काय केलं असतंस?