बढाईखोर : अर्थ आणि उपयोग

४ फेब्रुवारी
आज लिंबायतेतील आमच्या एकखणी प्रासादात सोनालीला पाहण्यास मंडळी अवतीर्ण! प्रथम मी स्वपरिचय दिला — पांडेसऱ्याच्या मिलमध्ये डाइंग मास्तर. (वास्तविक मी रंगाचे ड्रम उचलतो. परंतु अतिशयोक्ती हा अलंकार आहे, अपराध नव्हे.) तत्पश्चात वरपिता रघुनाथराव वदले — आमचा योगराज लूमच्या कारखान्यात मॅनेजर! पापणीही लवली नाही.

५ फेब्रुवारी
बढाईखोर. अर्थ : नसलेले मोठेपण स्वमुखे वर्णिणारा. उपयोग : केवळ तृतीय पुरुषी, स्वतःस लावल्याचे उदाहरण आढळत नाही. उदा. 'रघुनाथराव बढाईखोर वाटतात.'
कलाबाईस हे सर्व विशद केले. ती भाकरी थापतच म्हणाली, "मंग तुम्ही काय सांगी राहिनात?"
सौभाग्यवतीस अलंकारशास्त्राचे वावडे आहे.

८ फेब्रुवारी
रीतीप्रमाणे वराची चौकशी. त्याच्या कारखान्यासमोरील गाडीवर दोन अर्धे चहा प्राशन करून पृच्छा केली. गाडीवाला म्हणाला, योगराज ना? लूम चालवतो. बारा लूम एकटा सांभाळतो, तंबाखूसुद्धा खात नाही, एक खाडा नाही.
अर्थात मॅनेजर नाही! सापडले.

९ फेब्रुवारी
निर्णय — नकार. असत्यवादी कुळात कन्यादान होणे नाही.
सोनालीस हे कळवले. तिचे ताट तसेच राहिले. कलाबाई म्हणते, पोरीच्या मनात मुलगा भरला आहे.
शिवाय एक सूक्ष्म अडचण. चौकशी त्यांच्याकडूनही होणारच. आमच्या गेटावर 'डाइंग मास्तर' म्हणून माझे नाव घेतल्यास वॉचमन हसेल. अगोदर आपणच नकार द्यावा, हे शहाणपण.

१० फेब्रुवारी
मला विचारीत कोणी आले होते काय, असे वॉचमनला तीनदा विचारले. तिसऱ्यांदा त्यानेच माझी प्रकृती विचारली.

११ फेब्रुवारी
भेस्तानला, रघुनाथरावांकडे, नकार घेऊन गेलो. तोंड उघडण्यापूर्वीच त्यांनी सांगितले — आमच्या घरी येण्याच्या आठवडाभर आधी ते मिलवर चौकशी करून गेले होते. मी ड्रम उचलतो, हे ठाऊक असूनच मुलगी पाहण्यास आले.
मग मुलाला मॅनेजर का म्हणालात?
"तुम्ही मास्तर झालात, भाऊ. पोरीच्या बापाला चारचौघांत एकटं कसं पाडायचं?"
साखरपुड्याची तारीख मीच सुचवली.