रक्ताचा डाग थंड पाण्यात

दादा, तुला आणि वहिनीला नमस्कार.

मी मजेत आहे. इथे हॉस्पिटलच्या चादरी धुते. रक्ताचा डाग गरम पाण्यात पक्का बसतो, थंड पाण्यात निघतो, हे पहिल्याच आठवड्यात शिकले.

आई गेल्याचं तू मला महिन्याने कळवलंस. नाकावर राग घेऊनच जन्मलेली मी, सहा वर्षं उकळत राहिले. आता तो राग थंड पाण्यात सोडला. झोप छान लागते. वहिनीची कंबर कशी आहे?

‘माझ्या ऑपरेशनआधी मला एकदा भेटून जा, माफ कर,’ असं लिहिलंयस. माफ केलं रे, अगदी मनापासून. राग होता तेव्हा निदान भांडायला तरी आले असते. आता यायला कारणच उरलं नाही.

तब्येतीला जप. वहिनीला सांग, काय होईल ते मला महिन्याने कळवलं तरी चालेल.

तुझीच,
धाकटी