पाण्यातले पाण्याचे थेंब

३ फेब्रु., सारंगखेडा
नाना दवाखान्यातून घरी आले. अर्धांगवायूने जीभ जड झालीय, चेष्टा मात्र तशीच. डॉ.ची ताकीद: पातळ काही द्यायचं नाही, फुफ्फुसात उतरेल. पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट. पावडर म्हणजे गवारीच्या बियांचा डिंक.
वडिलांसाठी कॉलेजातून रजा. पीएच.डी.चं मायक्रोस्कोप घरीच आणलंय. विषय ऐकून नाना म्हणे, "पानीमा पानीना थेंब? मंग तो दिखस कसा?"
सांगितलं, दोन पदार्थ पाण्यात विरघळले तरी कधी कधी एकमेकांना खपत नाहीत. आपापलं पाणी घेऊन वेगळे होतात.
"म्हंजे भाऊबंदकी!"
माझ्या गाइडना इतकं सोपं जमलं नसतं.

९ फेब्रु.
थेंब टिकेनात. मधली सीमा फारच दुबळी, तेल-पाण्याच्या मानाने नाहीच म्हणायची. जरा जवळ आले की एक होतात. साबणाचा उपयोग नाही. बारीक कण लावून बघायचे...
नाना आज पेलाभर प्यायले. आई खूश.

१४ फेब्रु.
ताप, धाप. नंदुरबारला हलवलं. न्यूमोनिया. पातळ काही दिलं का, डॉ.नी दोनदा विचारलं. आई: "नही हो, घट्टच दिन्हं."

१८ फेब्रु.
नाना गेले. लिहवत नाही.

२ मार्च
आई आज सहज म्हणाली, "पावडरनं पानी त्यास्ना गयाखाले उतरेच ना. मंग मी दूधमा कालाडं. सकायमाच करी ठेवू."
दूध आणि डिंक. दोन्हींत पाणीच. छे, असं नसेल.
तसंच दुधात पावडर कालवून ठेवलं. दुपारी वर घट्ट थर, तळाशी पातळ दूध. काचेवर टाकून पाहिलं. गोल गोल थेंब, एकमेकांत शिरणारे. इतकी वर्षं हेच बघतेय मी, आणि स्वयंपाकघरात झालेलं दिसलं नाही. मोरीत जाऊन रडले.
"शेवटलं मन्हा हातनं गोडीतीन पिनात," एवढ्यावर आई उभी आहे. तिला नाही सांगायचं. कधीच.

५ मार्च
शहाद्याहून सलमाबी भेटायला आल्या. वॉर्डात शेजारच्या खाटेवर त्यांचा नवरा होता. नवऱ्याचंही गिळणं गेलंय. पावडरचं पाणी थुंकून टाकतात म्हणाल्या.
आई इतक्या दिवसांत पहिल्यांदा खुलली. "नुसतं पानी नको देऊ, बहीण. दूधमा कालाड. सकायमाच करी ठेव..."
मी हाक मारली, "आई."
तिने वळून पाहिलं. अजून हसतच होती.