माझ्या नावाची वेलांटी

मंगळवार, दिवेलागण

आज थोरल्या लेकाला, सिद्धूला घेऊन सात रस्ता चौकातल्या फ्लेक्सवाल्याकडं गेले. दुकानाची पाटी, 'महादेवी कडक भाकरी'. कॉम्प्युटरवर अक्षरांचे नमुने दावले, त्यातल्या एकावर बोट ठेवलं, हेच पायजे. त्यात माझ्या 'वी'ची वेलांटी वेलीसारखी वर वळते आन् टोकाला पान फुटतं.

फ्लेक्सवाला हसला. "मावशी, हे लग्नपत्रिकेचं हाय. दुकानाला जाड, सरळ घेत्यात."

सिद्धू म्हणाला, "आई, भाकरीच्या दुकानावर हे? लोक हसतील की!"

हसू देत. माझ्या लग्नात पत्रिका छापलीच न्हाय, तोंडी आवतणं दिली. पुढं घरातल्या प्रत्येक पत्रिकेवर नवऱ्याचं नाव, मी नुसती 'सौ.' आता भाकऱ्या मी थापते, दुकान माझं, मग नटायला कुणाला विचारायचं?

"निदान वेलांटी तरी छाटू का?" फ्लेक्सवाल्यानं विचारलं.

"हात लावून तर बघ," म्हणले.

संध्याकाळी पाटी लागली. ते पान लई ऐटीत दिसतंय. समोरचा पानपट्टीवाला ओरडलाच, "अक्का, लगीन कुणाचं?"

"माझ्या नावाचं," म्हणले. "आहेर घेऊन ये, आन् जाताना भाकरी ने."