एक घास खाल्लेलं ताट

१८ मे, सोम. खामगाव

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातली एक दुपार आज उगाच आठवली. शेतातल्या हौदावर आम्ही दोघं भाकरी खात बसलो होतो. कांदा, शेंगदाण्याची चटणी. मी पाय पाण्यात सोडले होते. हे म्हणाले, "पाय काढ वं, गडी येऊन राह्यला." मी काढले. मग यांनी कांद्याचा मधला गोड कोंब मला दिला आणि आम्ही घरी आलो. बस, एवढंच. आठवण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

बॅग भरते आहे. गव्हाचं पीठ, तुरीची डाळ, तिखट, तेल (बाटली तीन पिशव्यांत गुंडाळून), शेव, भाजलेले दाणे, अनारसे. मालदीवला जाताना!

यांचा नियम. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न खायचं नाही. सासरे पाळत, हेही पाळतात. बंगलोरला मंजूकडे गेलो की शिधा सोबत न्यायचा. पीठ आपलं, डाळ आपली, तिचा फक्त गॅस. नातवाच्या बारशाला जेवलं की नियम सुटतो. मंजूच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. मूल होणार नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे, यांनाही ठाऊक आहे. तरी दर वेळी पीठ बांधतात. मंजू बघते आणि गॅस पेटवून देते.

आणि जावयांनी, अमोलरावांनी, या सहलीला मुद्दाम धोंड्याचा महिना निवडला! "आई, दर अधिक महिन्यात तुम्ही मला तेहतीस अनारसे देता. या वेळी मान तुमचा." चिखलीचा मुलगा, त्याला कळू नये? या महिन्यात जावयाला द्यायचं असतं, त्याच्याकडून घ्यायचं नसतं. हे दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. पण तिकिटं निघाली होती.

२० मे

नांदुऱ्याहून रेल्वे, मग विमान, मग बोट. अंग अजून डुलतं आहे.

तिथल्या विमानतळावर सामान तपासणाऱ्या माणसाने पिठाची पिशवी वर उचलून विचारलं, ही पावडर कसली? हे मला म्हणाले, "सांग त्याले, घरच्या गव्हाचं पीठ हाये. भेसळ नाई त्यात." मी इंग्रजीत सांगितलं. माणूस हसला, पिशवी दिली. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर मार्थांनी आमचं इंग्रजी एवढं घासूनपुसून घेतलं ते पिठासाठी, असं म्हणायचं.

हॉटेलात मनगटाला निळा पट्टा बांधला. हा असला की दिवसभर काहीही खा, प्या, सगळ्याचे पैसे अमोलरावांनी आधीच भरलेले. म्हणजे यांच्या लेखी हे लेकीच्याच घरचं अन्न. हे म्हणाले, "हे काऊन बांधून राह्यला? आपन पयून जाऊ म्हनून का?" मग चारी बाजूंनी बघितलं. "अन् पयून जाऊ कुठी?"

खरंच. बेट एवढंसं. चहा गार होईपर्यंत एक फेरी होते.

२१ मे

जेवणाची जागा म्हणजे लग्नाचा मांडव. एकीकडे भात चार तऱ्हेचे, एकीकडे बर्फावर मासे डोळे उघडे ठेवून, पपईची फुलं कोरलेली, पलीकडे आपली डाळ-चपातीसुद्धा. अधिक महिना म्हणून आम्ही दोघं माशांच्या बाजूला गेलोच नाही. काटा-चमचा हातात घेतला आणि बोटं आपोआप होस्टेलच्या मेसमध्ये गेली. पाठ ताठ, कोपर आत, आवाज नको. मजा वाटली.

हे समोर रिकाम्या ताटाशी बसून पिशवीतली शेव खात होते.

दुपारी पीठ-डाळ घेऊन मुदपाकखान्यात गेले. मुख्य आचारी आपल्याकडचाच, हिंदी बोलणारा. बाहेरचा शिधा आत घेता येत नाही म्हणाला, हात जोडले. हे परत आले. "मानूस बरा हाये, पन चूल देत नाई." खोलीत एक लहानसा फ्रिज आणि पाणी उकळायची किटली, बस.

२२ मे

मंजूने माझं नाव डायव्हिंग शिकवणाऱ्यांकडे घातलं. मला न विचारता. "आई, लहानपणापासून तुझ्या विहिरीच्या गोष्टी ऐकते आहे. आता मला दाखव."

माहेरची विहीर. कोणाची कळशी दोर तुटून पडली की मला हाक यायची. नाक धरून बुडी, तळाचा गार गाळ, कळशीचा काठ बोटांना लागायचा तो क्षण. बारा-तेरा वर्षांची असेन. मग होस्टेल, मग लग्न, मग खामगाव. खामगावात कोण बाई पोहते!

बेटावरच्या डॉक्टरीणबाईंनी कान, छाती, रक्तदाब तपासला. साठीच्या पुढच्यांना तपासल्याशिवाय नेत नाहीत. पास.

यांना अजून सांगितलेलं नाही.

२३ मे

पोहण्याच्या तलावात सराव. शिकवणारी लीना, गोरी, उन्हाने रापलेली, माझ्याहून पंधराएक वर्षांनी लहान. नळी दातांत धरायची, तोंडानेच श्वास. पहिल्यांदा जीव घाबरला, वर आले. दुसऱ्यांदा खाली बसले. तळाशी. आणि श्वास चालू! विहिरीत कधी एवढा वेळ मिळाला नव्हता. स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकत राहिले. दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं. कोणी हाक मारली असती तरी…

वर आले तर हे काठावर उभे. "अरे बाप्पा! हे काय घातलं वं? बेडकावानी दिसून राह्यली."

लीनाने विचारलं, काय म्हणतात? मी म्हटलं, छान दिसते म्हणतात.

संध्याकाळी सगळं सांगितलं. दूर प्रवाळाच्या खडकांवर बोट नेणार आहेत, तिथे खाली उतरायचं आहे. यांनी दाण्याची पिशवी उघडली, बघितलं, बंद केली.

२४ मे

वाईट दिवस.

शेव संपली होती. यांनी नेहमीप्रमाणे मधुमेहाची गोळी घेतली आणि वर मूठभर दाणे. दुपारी खोलीत घामाघूम, हात थरथरत, शब्द अडखळत. मी अनारसा तोंडात कोंबला. तेवढा घरचा होता म्हणून खाल्ला. थोड्या वेळाने सावरले.

मंजू धावत आली. रागावली किंवा रडली की ती खामगावची होते. "बाबा, किती दिवस वाट पाह्यसान? मले नाई होनार लेकरू. नाई म्हन्जे नाई. मंग मेल्यावरच जेवसान का माह्या घरी?"

हे भिंतीकडे बघत. "तुयावर राग नाई माहा. रीत हाये."

"रीतच हाये ना. मंग दर वर्षी ते पीठ माह्या टेबलावर आनून काऊन ठेवता? मले आठवन राहावी म्हनून?"

अमोलराव तिला बाहेर घेऊन गेले. मी जेवणाच्या जागेवरून ताट वाढून आणलं. वरण, भात, चपाती, कोबीची भाजी. कसं सुचलं माहीत नाही. यांच्या समोर बसले, सगळ्यातला एक एक घास खाल्ला आणि ताट यांच्याकडे सरकवलं.

"आता हे माझं उष्टं. लेकीचं राहिलं नाही. बायकोचं उष्टं खाऊ नये असा काही नियम असला तर सांगा."

यांनी चपाती उलटीपालटी करून बघितली. मग, "तुयं म्हन्जे माह्यंच. त्यात काय." आणि जेवले. वरणात बोट फिरवून चाटलं, एवढी भूक.

लग्न झाल्यापासून यांचं झालं की यांच्याच ताटात मी जेवत आले. उलटं आज पहिल्यांदा झालं.

मंजूला बाहेर जाऊन सांगितलं. ती हसली. पण ते हसू मला आवडलं नाही.

२५ मे

सुटका झाली असं काल वाटलं होतं.

सकाळी चहाचा कप, "जरा पेय." मी घोट घेतला. पोहे, घास. पपई, घास. दुपारी पास्ता. हे म्हणाले, "शेवयाच हायेत ना? मंग गूळ काऊन नाई घातला?" पण दोनदा मागून घेतल्या. म्हणजे दोनदा मी उष्ट्या केल्या. किनाऱ्यावर मंजूजवळ जाऊन बसले की झाडाखालून हाक, "अवं, हे केळं उष्टं कर ना!" शेजारची परदेशी जोडपी बघतात. त्यांना वाटतं केवढं प्रेम.

प्रेम आहेच. नाही असं नाही. पण माझं तोंड माझं राहिलेलं नाही.

लीना विचारत होती, संध्याकाळी सरावाला या. जाता आलं नाही. यांच्या चहाची वेळ.

२६ मे

रात्रीपासून पाऊस, वारा. बोटी बंद. समुद्र राखेच्या रंगाचा. चौघं एकाच खोलीत पत्ते खेळलो. अमोलराव बिचारे मुद्दाम हरत होते. हे म्हणाले, "जावईबापू, असे खेळले तं धंदा कसा करसान?" तेवढ्यापुरतं सगळे हसले.

मग मंजूने हिशोब मांडला. पाण्याखाली गेल्यावर पूर्ण एक दिवस विमानात बसता येत नाही. आपलं विमान ३० ला सकाळी. म्हणजे २८ ची बोट शेवटची. सकाळी नाश्त्यानंतर निघते, दुपार टळल्यावर येते.

दुपार. म्हणजे यांचं जेवण.

"मी थांबते बाबांजवळ," मंजू म्हणाली. "तू आणि अमोल जा."

हे पत्ते पिसत होते. "जाय तू. मी पानी पिऊन राह्यतो."

मग यांनी पानं वाटली. पावसाचाच आवाज.

२७ मे

पाऊस थांबला. एकादशी. दिवसभर घरचे दाणे आणि केळी, केळी माझ्या दातांखालून.

संध्याकाळी लाकडी पुलावर आम्ही दोघंच. खाली पाणी इतकं स्वच्छ की आमच्या सावल्या तळावर. हे बराच वेळ खाली बघत होते.

"किती खोल जातात?"

सांगितलं.

"खाली गेल्यावर वर कोन आनते?"

"मीच येते. हळूहळू."

"हळूहळू काऊन?"

"घाईने वर आलं तर त्रास होतो."

"हे पाह्य. जायले लवकर, यायले उशीर." मग, "तुले काही झालं तं मी पोट्टीले तोंड कसं दाखवू?"

म्हणजे नुसता जेवणाचा हट्ट नाही, भीती आहे. मला आधी कळायला हवं होतं. हात धरावासा वाटला. धरला. यांनी इकडेतिकडे बघितलं, पण सोडवला नाही.

म्हटलं, "तुम्ही म्हणाल तर नाही जात."

खरंच म्हटलं. आणि म्हणताना आतून काहीतरी बुडत चाललं.

यांचं हो नाही, नको नाही. मी वाट बघितली. अंधार पडायला लागला तसे उठले. "चाल, डास चावून राह्यले."

म्हणजे ठरवायचं मीच.

२८ मे, सकाळ

जाते आहे.

हे अजून झोपलेले आहेत, की डोळे मिटून पडले आहेत. हे पान उघडं ठेवून निघते. मंजू, तुझ्यासाठी.

बॅगेतलं पीठ, डाळ त्या आचाऱ्याला दे. स्वयंपाकघरात घेणार नाही, पण त्यांच्या राहायच्या जागेत त्यांची चूल असेलच. घरच्या चवीची चपाती करून खाऊ दे.

डब्यात अनारसे उरलेत, ते अमोलरावांचे. तेहतीस राहिले नाहीत, बाबांना एक दिला त्या दिवशी. मान मात्र त्यांचाच. बोटीतून आल्यावर दे, आधी नको, समुद्रात मळमळतं.

आता दुसरं. मी वर आलेच नाही तर. रागावू नकोस, लिहून ठेवायला काय जातं. कानातल्या कुड्या तुझ्या. शिवणयंत्र माहेरी वहिनीला, तिचं कधीचं मन आहे त्यावर. इंग्रजी पुस्तकं गावच्या शाळेतल्या मुलींना, माझं नाव पुसू नका. निळं इरकल तू नेस, उगाच पेटीत ठेवू नको. तुझ्या बाबांच्या धोतरांना मीच काठ शिवायची, ते आता दुकानात होतं, लाजायचं नाही म्हणावं. हौदाजवळचा लिंबू कोणाला तोडू देऊ नका.

बाबांचं. गोळी टेबलावर. आधी ताट समोर येऊ दे, मग गोळी. उलटं करू नकोस.

फ्रिजमध्ये काल रात्री आणलेलं एक ताट झाकून ठेवलं आहे. वरण, भात, दोन चपात्या, वांग्याची भाजी. प्रत्येकातला घास मी आज उठल्यावर खाल्ला आहे, एकादशी सोडून. थंड असेल.

दुपारी तू एक दुसरं ताट वाढून आण. गरम. कोणीही हात न लावलेलं. दोन्ही त्यांच्या समोर ठेव. अमोलरावांनी नाही, आचाऱ्याने नाही, तूच ठेव. काही बोलू नकोस. रडू नकोस. समजावू नकोस. गोळी हातात दे आणि समोर बस.

कोणतं ओढतात ते मला आल्यावर सांग.