गरीब दिसण्याचे नियम

श्रीनिवासभावजी,

शनिवार, २ ऑगस्ट २००३, सकाळी सव्वाअकरा. त्या वेळी तुमच्या शिष्यवृत्ती ट्रस्टने आमच्या स्वयंपाकाच्या बाईंच्या प्रियदर्शनीला मुलाखतीत नाकारले. तुम्ही अध्यक्ष; वर हसून मला म्हणालात, "वहिनी, पोरगी गरीब वाटतच नाही हो!"

तिचा ड्रेस माझ्या सुनेचा होता आणि इंग्रजी मी शिकवलेले, माझ्या कॉन्व्हेंटचे. सॉफ्टवेअर कंपनीच्या मुलाखतीला जाताना तुमच्या सलिलला टाय तुम्हीच बांधून दिलात ना? तुम्हाला शिकणारी मुले नकोत, स्टेजवर पाया पडणारी हवीत.

अकरा तारखेपर्यंत फी भरली नाही, तर तिची इंजिनिअरिंगची जागा जाईल. पुन्हा मुलाखतीला येताना तिने किती फाटके घालावे आणि कितव्या प्रश्नाला रडावे, ते गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवा.

तुमची वहिनी, नाइलाजाने,
हेमा