लेकीच्या गावातलं हॉटेल

१७ जाने., अकोला
सकाळीच भांडण. लेकीच्या, मुक्ताच्या गावी, कोकणात चाललो, अन् तिच्या बाबानं परस्पर हॉटेल बुक केलं! समुद्राले लागून. पोरीचं घर तिथून हाकेवर. म्हटलं, काहून? तर म्हणे, "नातवंड झाल्याबिगर लेकीच्या घरी अन्नपाणी नाई. माह्या बापानं नाई घेतलं, मी नाई घेत."
लग्नाले इतकी वर्षं झाली तिच्या. दोनदा दिवस गेले, टिकले नाई. हे काय यायले, बापाले, माईत नाई? सुंभ जळला तरी पीळ जळत नाई. मी भाकरी बडवत बसली.

२० जाने., हॉटेल
पोचलो. माय वं, किती ते पाणी! माही बहीण सुमी पण इथं येनार हाये मार्चात, तिच्यासाठी लिहून ठेवते म्हटलं, नाईतर विसरन:
खोली बाराच्या आधी नाई देत, सामान ठेवू देतात. आधारकार्ड दोघायचं लागते. गरम पाणी सकाळी ७ ते ९. नाश्ता फुकट, पण दहाले भांडे उचलतात. खोली वरची मागजो, खाली वाळूच वाळू. भरतीत उतरू नको, शिट्या मारतात. भाजीत तिखट म्हणजे नुसता रंग, ठेचा संग आणजो.
मुक्ता भेटाले आली. वाळली पोरगी. घरी चला, एकदाबी म्हणे नाई.

२१ जाने.
दुपारी मुक्तानं डबा आणला. भरीत, ज्वारीची भाकर. जेवाच्या हॉलात उघडला तर मॅनेजर आला. "काकी, बाहेरचं जेवण इथे चालत नाही हो. पाटी लावलीये." हे लगेच, "बरोबर हाये. नियम म्हणजे नियम." जलमभर कंडक्टरकी केली, पाटी दिसली का माणूस ताठ.
मुक्तानं डबा बंद केला. म्हणे, "बाबा, मले पोर झालंच नाई तं? मंग मी तुमाले कधीच जेऊ नाई घालाचं?"
मॅनेजर बिचारा तिथंच उभा. हे टेबलाकडे पाहत.
मीच उठली. म्हटलं, चला वाळूवर. वाळू ना हॉटेलची, ना जावयाची.
बसलो. खाल्लं बाप्पा यायनं! मले म्हणे, "भरीत तुह्यासारखं झालं." म्हटलं मले कायले सांगता, तिले सांगा. सांगतलं. पोरगी रडे अन् वाढे.

२२ जाने.
परत वाळूवर. आज जावईबी आले. मासे होते, काटे काढून वाढत होते सासऱ्याले. गुणाचा हाये पोरगा. "बाबा, उद्या घरी या ना," म्हणाले. यायनं मान हलवली, नाई.
खोलीत आल्यावर मी यायच्यावर बिघडलीच. पोरीनं काय गुन्हा केला? मंग म्हणे, "गुन्हा नाई वं. तिच्या घरी जेवलो म्हणजे मीच नातवाची आस सोडली, असं होते."
हे मले कधी सांगतलं नोतं. इतक्या दिवसाचा राग... जाऊ दे.

२३ जाने.
दहाले खोली सोडली. (सुमे, साडेनऊपासूनच दार वाजवतात.) गाडी संध्याकाळी. मॅनेजर म्हणे, "काका, बसा हो इथे, काही घाई नाही." बसलो. मुक्ताचा फोन नाई. करनारबी नाई, बापावर गेली.
म्हटलं, "आस नका सोडू. पण तिले वाटून राहिलं, तुमी तिलेच सोडलं."
हे उठले. बॅगा उचलल्या. रिक्षावाल्याले मुक्ताच्या आळीचं नाव सांगतलं. मले म्हणे, "निस्तं बसाले. जेवाचं नाई."
तिच्याच घरी बसून लिहून राहिली. मुक्तानं पाण्याचा गिलास देल्ला, यायनं घेतला. ती आत भांडे वाजवून राहिली, मुद्दाम बाहेर येत नाई. गिलास यायच्या हातातच हाये, अजून तोंडाले लावला नाई. मी वर पाहतच नाई, खाली मान घालून लिहून राहिली.